मुरगळलेला पाय ‘कच्चा’ का राहतो?

देगलूर परिसरातील एखाद्या शाळेचे मैदान डोळ्यांसमोर आणा. तालुक्याच्या क्रीडास्पर्धा जवळ आल्या आहेत आणि शाळा सुटल्यावर मुलींचा खो-खोचा सराव चालू आहे. जमीन काळी. आठवड्यापूर्वीच्या पावसात गुरे मैदानातून गेली, त्यांच्या खुरांचे खळगे चिखलात उमटले आणि नंतरच्या उन्हात ते वाळून दगडासारखे घट्ट झाले. नववीतील एक मुलगी खांबाजवळ हुलकावणी देते, उडी घेऊन दिशा बदलते आणि खाली येताना तिचा उजवा पाय अशाच एका खळग्याच्या काठावर पडतो. पाऊल आत वळते. ती खाली बसते आणि घोटा दोन्ही हातांनी धरते.

यापुढचे दृश्य प्रत्येक शिक्षकाच्या ओळखीचे आहे. कोणी म्हणते तेल आणा, कोणी म्हणते अंगठा ओढा, कोणी म्हणते नस चढली. “काही होत नाही, चोळलं की बसतंय,” असा धीर दिला जातो. घरी आजी हळद-चुन्याचा लेप घालते. दोन दिवसांत घोटा निळसर-काळा पडतो, आठवड्याने सूज उतरते, तिसऱ्या आठवड्यात मुलगी नीट चालू लागते आणि मैदानावर परतते. काही दिवसांनी तोच पाय पुन्हा मुरगळतो, या वेळी सपाट जमिनीवर. दिवाळीपर्यंत तिसऱ्यांदा. मग घरचे आणि कधीकधी आपणही निकाल देऊन टाकतो, “हिचा पाय कच्चा आहे, हिने खेळू नये.” मुलग्याच्या बाबतीत हा निकाल इतक्या लवकर लागत नाही, हेही येथे सांगून टाकावेसे वाटते.

हा निकाल बरोबर आहे का? पाय कच्चा राहतो म्हणजे त्यातले नेमके काय कच्चे राहते? आणि ते पक्के करता येते का? हे समजून घ्यायचे तर आधी घोट्याच्या आत डोकवावे लागेल.

खाचेत बसलेले हाड

वर्गातील प्रत्येकाला आपल्या घोट्याचे दोन उंचवटे चाचपायला सांगा. आतल्या बाजूचा उंचवटा हा नडगीच्या हाडाचे खालचे टोक. बाहेरचा उंचवटा हा नडगीशेजारच्या बारीक हाडाचे टोक. दोन्हींवर एकेक बोट ठेवून पाहिले की एक गोष्ट लगेच कळते. बाहेरचा उंचवटा आतल्यापेक्षा अधिक खाली उतरलेला आहे. म्हणून पाऊल बाहेरच्या बाजूला फार वळू शकत नाही, तेथे हाडाचा अडसर आहे. आत वळायला मात्र बरीच मोकळीक आहे. त्यात भर म्हणजे आतल्या बाजूचा बंध पंख्यासारखा रुंद आणि मजबूत असतो, तर बाहेरच्या बाजूला तीन वेगवेगळे, तुलनेने बारीक बंध असतात. मुरगळणारे बहुतेक पाय आतच का वळतात आणि दुखते बाहेरच्या बाजूला का, याचे उत्तर या रचनेतच आहे.

हाडाला हाडाशी बांधून ठेवणाऱ्या या चिवट पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. स्नायूला हाडाशी जोडणारी ती कंडरा. टाचेच्या मागे हाताला लागणारी जाड दोरी ही कंडरा. मुरगळीत इजा होते ती मुख्यतः अस्थिबंधांना. नस कुठे चढत नाही आणि सांधाही सहसा जागचा हलत नाही, त्यामुळे ‘बसवण्या’सारखे काही नसते.

आता दुसरा प्रयोग. बाकावर बसून पाय लोंबकळत ठेवा. पंजा वर ओढून धरा आणि शेजाऱ्याला टाच धरून पाऊल हळूच डावीकडे-उजवीकडे हलवायला सांगा. फारसे हलत नाही. आता पंजा खाली झुकवा आणि पुन्हा हलवून पाहा. आता पाऊल बरेच सैल वाटते. कारण असे की, नडगीची दोन हाडे मिळून खाली एक खाच करतात आणि त्या खाचेत पावलाचे सर्वांत वरचे हाड बसते. या हाडाचा माथा पुढून रुंद आणि मागून अरुंद असतो. पंजा वर घेतला की रुंद भाग खाचेत येऊन घट्ट बसतो, पंजा खाली केला की अरुंद भाग येतो आणि सांध्याला जागा मिळते. उडी मारून खाली येताना आपला पंजा खाली झुकलेलाच असतो. म्हणजे जमिनीशी गाठ पडते त्या क्षणी सांधा त्याच्या सर्वांत सैल अवस्थेत असतो. शिवाय याच अवस्थेत बाहेरच्या तीन बंधांपैकी पुढचा बंध ताणलेला असतो. तिघांत तोच सर्वांत दुबळा, आणि बहुतेक मुरगळींत पहिल्यांदा तोच फाटतो. पंजा खाली असला तरच पाय मुरगळतो असे मात्र नाही. पळताना एकाएकी वळल्यावरही तो मुरगळतो.

उरलेले काम वजन करते. कडब्याने भरलेली बैलगाडी कशी कलंडते ते आपल्या भागातील मुलांनी पाहिलेले असते. गाडी थोडी तिरपी झाली तरी भाराचा मध्य चाकाच्या आत आहे तोवर ती परत बसते. तो मध्य चाकाच्या बाहेर गेला की तोच भार गाडीला उलथवतो. पायाचेही तसेच आहे. पाऊल बाहेरच्या कडेवर पडले आणि घोटा त्या कडेच्याही पलीकडे गेला, की आतापर्यंत पाऊल जमिनीवर दाबून धरणारे वजन त्याला आणखी आत वळवू लागते. उडीवरून उतरताना हा भार क्षणभर शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीने असतो. ४५ किलो वजनाच्या मुलीच्या बाबतीत सव्वाशे किलोच्या घरात गेलेला हा भार बोटभर रुंदीच्या बंधावर येतो.

सावरायला वेळ किती?

“लक्ष ठेवून खेळली असतीस तर पाय मुरगळला नसता,” असे आपण सहज बोलून जातो. हे कितपत खरे, ते फूटपट्टीने तपासता येते. ३० सेंटिमीटरची पट्टी वरून धरा, खाली विद्यार्थ्याने अंगठा व बोट उघडे ठेवावे, न सांगता पट्टी सोडावी आणि त्याने ती पकडावी. पट्टी साधारणपणे २० सेंटिमीटर तरी घसरते. पडणाऱ्या वस्तूच्या सूत्राने हिशेब केला तर हा वेळ सुमारे ०.२ सेकंद येतो. बघून, समजून, ठरवून हालचाल करायला इतका वेळ लागतोच.

पाय मुरगळण्याची क्रिया याहून जलद होते. घोटा अचानक वळला की नडगीच्या बाहेरच्या अंगाचे, पाऊल बाहेर खेचणारे स्नायू विचारासाठी थांबत नाहीत. ते प्रतिक्षिप्त क्रियेने आखडतात. पण त्यांनाही जागे व्हायला सुमारे ०.०६ ते ०.०८ सेकंद लागतात आणि पुरता जोर यायला आणखी थोडा वेळ जातो. तोवर बंधाला जे व्हायचे ते बहुधा होऊन गेलेले असते. हाँगकाँगच्या एका प्रयोगशाळेत चाचणी चालू असताना एका तरुणाचा पाय खरोखरच मुरगळला आणि तो सगळा प्रसंग कॅमेऱ्यांत टिपला गेला. २००९ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. पाऊल सुमारे ४८ अंश आत वळले होते.

मग आपण सगळेच रोज पाय मुरगळून का घेत नाही? कारण मेंदू पाऊल पडायची वाट पाहत नाही. पाऊल जमिनीला टेकण्याच्या किंचित आधीच तो त्या स्नायूंना ताणून ठेवतो आणि पाऊल योग्य कोनात धरतो. अंधारात पायरी आहे असे समजून पाय टाकला आणि पायरी नसली, की जो हिसका बसतो तो याच आगाऊ तयारीचा पुरावा. ही तयारी करायची तर पाऊल या क्षणी कोणत्या स्थितीत आहे ते मेंदूला न पाहता कळावे लागते. ती जाणीव स्नायू, कंडरा, सांध्याचे आवरण, अस्थिबंध आणि तळव्याची कातडी यांतील चेतातंतूंकडून येते.

कच्चेपणाचे मूळ बव्हंशी येथेच आहे. मुरगळीत फक्त दोरी तुटत नाही, दोरीबरोबर गेलेली तारही बिघडते. लंडनमध्ये मायकेल फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली हा विचार मांडला. मुरगळीनंतर घोटा पुन्हापुन्हा दगा देतो त्याचे कारण बंध लांबला हे नसून चेतातंतूंची जाणीव बिघडली हे असावे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि डगमगत्या फळीवर उभे राहण्याचा सराव दिलेल्या रुग्णांत ही तक्रार कमी राहते असे त्यांना दिसले. पुढच्या संशोधनाने या चित्रात दुरुस्ती केली. घोट्याचे बंध तात्पुरते बधिर करून पाहिले तरी माणसे बऱ्यापैकी तोल सांभाळतात. म्हणजे बिघाड एकट्या बंधातील तारांचा नाही. दुखापतीनंतर मेंदूची ती आगाऊ तयारीच बदलते, स्नायू दुबळे आणि मंद होतात, पंजा पूर्वीइतका वर येत नाही. काहींचा बंध खरोखरच सैलही राहतो. पण फ्रीमन यांनी सुचवलेला उपाय टिकला, आणि त्याला फळीसुद्धा लागतेच असे नाही. त्याकडे आपण वळणारच आहोत. आधी मैदानावर बसलेल्या मुलीकडे पाहू.

मोडले की मुरगळले?

पहिला प्रश्न हाड मोडले आहे का हा. “पाय हलवता येतो, म्हणजे मोडलेला नाही” ही समजूत चुकीची आहे. हाडाला तडा गेलेला असतानाही घोटा हलवता येतो. सूज किती आली यावरूनही ठरत नाही. साध्या मुरगळीत कधीकधी लिंबाएवढी सूज येते. ‘कट’ असा आवाज आला म्हणजे हाडच मोडले असेही नाही.

कॅनडातील ओटावा शहरात इयान स्टील आणि सहकाऱ्यांनी ७५० रुग्ण तपासून १९९२ साली यासाठी काही साधे नियम प्रसिद्ध केले. ओटावा नियम या नावाने ते जगभर वापरले जातात. त्यांचा गाभा असा. घोटा दुखत असेल आणि पुढीलपैकी एकही गोष्ट आढळली तर एक्स-रे काढावा. बाहेरच्या किंवा आतल्या उंचवट्याचे टोक दाबल्यावर हाडावरच दुखते, किंवा त्या टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत हाडाची मागची कड दाबल्यावर दुखते. पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध हाताला लागणारा हाडाचा उंचवटा दुखतो. आतल्या बाजूला, घोट्याच्या थोडे पुढे कमानीवर असलेले हाड दुखते. किंवा लगेचही आणि नंतर तपासतानाही चार पावले टाकता येत नाहीत. लंगडत टाकलेली पावले चालतात, पण त्या पायावर भार यायला हवा.

दाबताना मऊ, सुजलेला भाग दाबू नये. तो दुखणारच. बोट हाडाच्या कडेवर ठेवायचे, आणि मागच्या कडेवर, कारण पुढच्या बाजूला फाटलेला बंध असतो. हे नियम कितपत विश्वसनीय आहेत? २००३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात पंधरा हजारांहून अधिक रुग्ण होते. नियमांनी ‘एक्स-रे नको’ म्हटलेल्यांपैकी ज्यांचे हाड प्रत्यक्षात मोडलेले निघाले असे रुग्ण शंभरांत दोनहूनही कमी होते. अनावश्यक एक्स-रे मात्र जवळजवळ एक-तृतीयांशाने टळतात. हणेगाव किंवा मरखेलच्या बाजूच्या खेड्यातून देगलूरच्या उपजिल्हा रुग्णालयात जायचे म्हणजे पालकाची एक दिवसाची मजुरी बुडते. तेव्हा ‘आजच्या आज जायलाच हवे’ आणि ‘दोन दिवस पाहू’ यांतला फरक शिक्षकाला करता येणे ही लहान गोष्ट नाही.

मात्र आपल्याकडे येणारी मुले वाढत्या वयाची असतात, हे विसरून चालणार नाही. त्यांच्या हाडांच्या टोकाजवळ वाढ होणाऱ्या कूर्चेची एक चकती असते आणि मुलगी पंधरा-सोळा, मुलगा सोळा-सतरा वर्षांचा होईपर्यंत ती पुरती भरून आलेली नसते. मोठ्या माणसाचा बंध फाटेल अशा हिसक्याने मुलाच्या या चकतीलाही इजा होऊ शकते. म्हणून मुलाच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल तर शंका डॉक्टरांच्या पदरात टाकावी, आपल्या नव्हे. पाऊल वाकडे दिसणे, जखमेतून हाड दिसणे, बोटे थंड, पांढरी-निळी किंवा बधिर होणे, यांपैकी काहीही असेल तर नियमबियम बाजूला ठेवून, पाय आहे त्या स्थितीत पुठ्ठ्याचा किंवा फळीचा आधार बांधून ताबडतोब रुग्णालय गाठावे. हिसका बसलेला असून दुखणे घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांच्या मध्ये असेल तरी दाखवून घ्यावे. तेथील बंधाची इजा बरी व्हायला जास्त वेळ लागतो.

बर्फ, तेल आणि हळद-चुना

हाड शाबूत आहे असे धरू. पहिल्या दोन-तीन दिवसांत बंधाजवळच्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त आणि द्रव पाझरत असतो. पाय उशीवर किंवा गोधडीच्या घडीवर, छातीच्या पातळीपेक्षा किंचित वर ठेवला तर तो द्रव उतारावरून परत जातो. ताणाची पट्टी (क्रेप बँडेज) बोटांच्या मुळापासून वर गुंडाळत न्यावी, वर जाताना सैल होत जावी. गुंडाळून झाल्यावर अंगठ्याचे नख दाबून सोडावे. पांढरे झालेले नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाले नाही तर पट्टी घट्ट आहे. रात्री झोपताना ती सोडावी.

बर्फाची कथा गमतीची आहे. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची हे चौकडीचे सूत्र अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ सालच्या आपल्या पुस्तकात मांडले आणि ते जगभर पाठ झाले. पुढे २०१४ साली मर्किन यांनी स्वतःच लिहिले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरे होणे लांबण्याचा संभव आहे. सूज हा निव्वळ शत्रू नाही, दुरुस्तीचे कामगार तिच्यातूनच येतात. २०१९ साली कॅनडातील दोन तज्ज्ञांनी सुचवलेल्या नव्या सूत्रात तर बर्फाला जागाच नाही. आजचे हिशेबी मत असे सांगता येईल की बर्फाने ठणका कमी होतो, बंध लवकर सांधत नाही. तेव्हा ठणका असेल तर फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे लावावा, न मिळाला तर हळहळू नये. माठातल्या पाण्यात भिजवलेले फडकेही थंडावा देते. कोरड्या हवेत त्यातील पाण्याचे बाष्पीभवन होत राहते आणि फडके हवेपेक्षा थंड राहते, हा धडा आपण सातवी-आठवीत शिकवतोच.

तेल लावून रगडून चोळणे मात्र पहिल्या दिवसांत हानिकारक आहे. पाझर थांबू पाहणाऱ्या वाहिन्या त्याने पुन्हा उघडतात. पायाचा अंगठा ओढणे तर फाटलेल्या बंधाला आणखी ताण देणे आहे, आणि हाडाला तडा असेल तर तो सरकण्याची भीती आहे. हळद-चुन्याच्या लेपाने ऊब मिळते, बरे वाटते. चुन्याने कातडी पोळू शकते एवढे लक्षात ठेवावे. ठणक्यासाठी वयाच्या मात्रेत पॅरासिटामॉल पुरते.

“पण चोळून आमच्या कित्येकांचे पाय बरे झाले,” असे कोणी म्हणेल. झालेच असतील. सौम्य मुरगळ एक-दोन आठवड्यांत काहीही न करता बरी वाटू लागते. जो उपाय त्या आठवड्यात केला त्याला श्रेय मिळते. उपाय केलेले आणि न केलेले असे दोन गट शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय उपायाचा गुण कळत नाही, हे मुलांना शिकवायला मुरगळलेल्या पायासारखे उदाहरण शोधून सापडणार नाही.

अंबाडीचे तंतू आणि दोर

बंध सांधतो कसा? फाटलेल्या जागी पहिल्या काही दिवसांनंतर कोलॅजन या प्रथिनाचे नवे तंतू तयार होऊ लागतात. सुरुवातीला ते कसेही, आडवेतिडवे पडलेले असतात. अंबाडीचे सोललेले तंतू ढिगाने पडले असतील तर त्याने बैल बांधता येत नाही. तेच तंतू एका दिशेने लावून पिळले की दावे होते. शरीरात ही ‘पिळण्याची’ दिशा ठरते ताणावरून. बंधाला हलका, योग्य दिशेचा ताण रोज मिळत गेला तर तंतू त्या दिशेने मांडले जातात. महिनाभर पाय पूर्ण निजवून ठेवला तर ढीग ढीगच राहतो. आणि पहिल्याच आठवड्यात उड्या मारल्या तर ओले तंतू तुटतात. ही मांडणी काही आठवड्यांत संपत नाही, कित्येक महिने चालते. दुखणे तिच्या फार आधी थांबते. दुखणे थांबले म्हणजे बरे झाले असे धरल्यानेच आपली नववीतील मुलगी तिसऱ्या आठवड्यात मैदानावर गेली होती.

म्हणून सौम्य आणि मध्यम मुरगळीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, सोसेल तितके, काठीच्या आधाराने का होईना, टाच आधी टेकवून चालावे. बंध पूर्ण फाटलेला असला तर गोष्ट थोडी वेगळी आहे. इंग्लंडमध्ये ५८४ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासात अशा गंभीर मुरगळीला दहा दिवसांचे प्लास्टर नुसत्या नळीसारख्या ताणपट्टीपेक्षा सरस ठरले. पण दहाच दिवस, दीड महिना नव्हे. पूर्ण फाटलेल्या बंधालाही बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागत नाही.

बसल्या बसल्या पहिला व्यायाम आमच्या आवडीचा आहे. पायाच्या अंगठ्याने हवेत ‘अ’ पासून ‘ज्ञ’ पर्यंत मुळाक्षरे गिरवायची. देवनागरीत गोलाई, दांडी, वेलांटी, शिरोरेघ सगळेच असल्याने घोटा सर्व दिशांना फिरतो. ‘क्ष’ काढताना दुखले तर ‘क्ष’ उद्या. नंतर भिंतीला हात टेकून दोन्ही टाचा उचलणे, मग एकच टाच. पंजा वर येण्याची क्रिया परत मिळाली का, हे उकिडवे बसून कळते. दुखऱ्या पायाची टाच जमिनीवरून उचलली जात असेल तर सांधा अजून आखडलेला आहे.

डोळे मिटून एका पायावर

आता तो फ्रीमन यांचा उपाय. अनवाणी, हात छातीशी घेऊन, एका पायावर उभे राहा. तीस सेकंद जमले की डोळे मिटून तेच करा. डोळे मिटताच घोट्याची बारीक थरथर जाणवू लागते. मेंदूला आता डोळ्यांची मदत नाही, घोट्याच्या बातम्यांवरच भागवावे लागते. दोन्ही पायांची वेळ मोजा. एकदा मुरगळलेला पाय पुष्कळदा लवकर टेकतो, मालकाला तो ‘पूर्ण बरा’ वाटत असला तरी. हाच पाय घरचे कच्चा म्हणतात, आणि त्याचा कच्चेपणा असा सेकंदांत मोजता येतो.

रोज पाच-दहा मिनिटे, सहा ते आठ आठवडे हा सराव केला की वेळ वाढत जाते. मग तेच पोत्याच्या चौपदरी घडीवर उभे राहून, मग एका पायावर उभे असताना जोडीदाराने फेकलेला चेंडू झेलत. अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या ७६५ फुटबॉल-बास्केटबॉल खेळाडूंवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तोल सांभाळण्याचा असा सराव करणाऱ्या गटात घोटा मुरगळण्याचा धोका ३८ टक्क्यांनी कमी आढळला. घोट्याचे आधारपट्टे, विशेषतः एकदा दुखावलेल्यांसाठी, हेही काम करतात. पण सरावाला पैसे लागत नाहीत.

परतीचा दिवस दिनदर्शिकेवरून ठरवू नये. मुलगी त्या पायावर दुसऱ्या पायाइतक्याच लांब लंगडी उड्या मारू शकते का, सरळ पळते का, मग इंग्रजी आठच्या आकड्यात पळते का, आणि पळता पळता शिटी वाजताच दिशा बदलते का, असे क्रमाने पाहावे. शेवटची कसोटी उतरली की खो-खो. पहिल्यांदा पाठलाग, नंतर खांब.

मैदानाचाही वाटा आहेच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक मॅटवर खेळला गेला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. आपल्या शाळांच्या वाट्याला काळी माती आहे. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी धरून फुगतात आणि वाळताना आकसतात. म्हणून पावसाळ्यातल्या उघडिपीत खुरांचे साचे घट्ट होतात आणि उन्हाळ्यात पाऊल जाईल एवढ्या भेगा पडतात. सराव सुरू होण्याआधी खळगे मुरुमाने भरून, पाणी मारून, रूळ फिरवून घेणे आणि मैदानाच्या कडेला गुरे अडवणारी काट्यांची कुपाटी घालणे, एवढे मुलांच्या मदतीने एका शनिवारी होते. परिपाठ संपला की खेळणाऱ्या मुलामुलींनी एक मिनिट उजव्या आणि एक मिनिट डाव्या पायावर उभे राहावे, आणि महिन्यातून एकदा एका वहीत नोंद करावी: नाव, डोळे मिटून उजव्या पायावर किती सेकंद, डाव्यावर किती, आणि या महिन्यात पाय मुरगळला असल्यास कोणता.